धर्म शिकलेल्या नातीला नोकरी कोण देणार?

मंडळी, मी सांगत्ये आणि नात टाईप करत्ये, म्हणून तिचं कौतुक बेतानेच करीन. पोर धर्मांचा अभ्यास करून पदवीधर झाली, पण नोकरी मिळेना. "आता देवाकडेच अर्ज कर गो," मी चिडवायची.

आज मिरकरवाडा बंदरात आमच्या मासेमारी होडीवरचा नेपाळी खलाशी जेवेना. माझा लेक ओरडला, "माज आलाय काय रे?"

नात त्याच्याशी बोलली. "बाबा, त्याचे वडील गावी वारलेत. सुतकात त्यांच्यात मीठ खात नाहीत, स्वतःच रांधतात."

तिने तांदूळ, तूप आणि स्टोव्ह दिला. तो जेवेपर्यंत थोडी लांब बसून राहिली. जेवताना तो रडला, तेव्हाही उठली नाही.

अशा कामाला पगार कुठे देतात? ठाऊक असेल तर सांगा. तोवर माझं चिडवणं बंद.