साहेबाचं सध्यापुरतं

साल दोन हजार बावीस. मी तेव्हा बहात्तर वर्षांचा.

डहाणूच्या किनाऱ्यावर आमची बोंबील वाळवायची जागा आहे. तिला कागद नाही. बोंबील टांगायच्या बांबूच्या वलांड्या ज्याच्या उभ्या, जागा त्याची. पावसात आम्ही बांबू काढतो, पितृपक्ष संपला की परत पुरतो. एक हंगाम जागा मोकळी राहिली की गाव ती दुसऱ्याला देतं, मग रडून उपयोग नाही.

त्या भाद्रपदात बंधाऱ्याचं काम घेतलेला साहेब आला. मला काका म्हणाला, बायकोला आजी.

"नवऱ्याला काका नि मला आजी?" बायको पुटपुटली. "डोळे तपासा म्हणावं."

तुमच्या जागेवर दगड टाकू द्या, हे साहेब चांगल्या मराठीत बोलला. किती दिवस, असं मी विचारलं तर इंग्रजीत गेला. "फॉर द टाइम बीइंग, काका."

मी चौथीपर्यंत शिकलेला. पण माणूस नेमका कुठे भाषा बदलतो ते मला कळतं.

सून तलासरीची, कॉलेज केलेली. तिला विचारलं.

"म्हणजे सध्यापुरतं, बाबा. पुढचं नंतर ठरवायचं."

"कोणी ठरवायचं?"

"ते नाही येत त्यात."

"किती दिवस, ते येतं?"

"तेही नाही."

"मग येतं काय त्यात?"

ती हसली. "ऑफिसात सगळे म्हणतात हो. अर्थ वाईट नाही."

अर्थाला मी कुठे वाईट म्हटलं? मी बघत होतो, तो शब्द वापरतं कोण. बंदराजवळ पत्र्याची एक केबिन अशीच सध्यापुरती आली होती. आता तिला लाद्या बसल्यात, वर मजला चढलाय. हा शब्द मी घेणाऱ्याच्याच तोंडी ऐकलाय. देणारा कधी असं बोललेला आठवत नाही.

साहेबाला म्हटलं, "दिवाळीपर्यंत म्हणा. नाहीतर होळीपर्यंत म्हणा. सण तर तुम्हालाही कळतात."

"काका, डेट कशी देणार?"

"मग मी जागा कशी देणार?"

तो हसला. "विचार करा. सकाळी ट्रक येतोय." म्हणजे विचार त्याचा झालेलाच होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पहार घेऊन गेलो. पाऊस भुरभुरत होता, पितृपक्षही संपला नव्हता. सुनेने बांबू धरले, मी ठोकले. बोंबील अजून कुठले? बायकोने धुतलेल्या गोधड्या आणून वर टाकल्या. ट्रक आला तेव्हा मी पुढचा खड्डा खणत होतो, आणि खणतच राहिलो.