चेंडूची पाठ

तीस वर्षांपूर्वी एका कुस्तीत आमच्या मालकांना चितपट ठरवलं होतं. त्यांची पाठ मातीला टेकलीच नव्हती, हे आमच्या घरात जेवायला बसताना ऐकावंच लागतं. भाताबरोबर आमटी, तशी ती पाठ.

आता पोरगी रग्बी खेळते. त्यात सगळं उलटं. चेंडू रेषेपलीकडे नुसता नेऊन भागत नाही, जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हा गुण.

रविवारी सामना संपता संपता पोरगी चेंडू घेऊन रेषेपलीकडे पालथी पडली. अंगावर दोघी. पंचबाईंनी वाकून बघितलं आणि मान हलवली. टेकला नाही. आम्ही हरलो.

"ओ बाई, चेंडूची पाठ बघा की! माती लागलीय का न्हाय?" मालक ओरडले. कुस्तीत पाठीची माती बघतात ना. बाईंनी चेंडू वर धरला. तो सकाळपासूनच चहूबाजूंनी मातीनं माखलेला. माणसं हसली. मालकांचा आवाज नको म्हणून मी आधीच लांब, रेषेच्या टोकाला जाऊन उभी होते. त्यामुळं मला सगळ्यांत जवळून दिसलं होतं. पण मला कोण विचारतंय, म्हणून निवांत होते.

घरी आल्या आल्या मालकांनी तक्रार अर्ज लिहिला. या बाईंना पुन्हा पंच म्हणून उभं करू नये, असा.

"तू जवळ हुतीस. साक्षीदार म्हणून सही कर."

मी पोरीच्या हाताला हळद लावत होते. कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटला होता. चेंडू खाली आणि हात वर असता, तर हाताची साल कशी गेली असती? मी हळदीच्या बोटांनी पेन धरलं. सही मला येते, पण त्या दिवशी पहिलं अक्षरच आठवेना.

पोरीनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं.

"आई, सही नको करूस. चेंडू माझ्या हातावर हुता. टेकला न्हाय."

"तू गप!" मालक म्हणाले. "तू तोंडावर पडलेलीस. तुला काय दिसतंय? मी लांबनं बघितलंय की!"

पोरगी फिस्सकन हसली. मला पण आवरेना. मालक आमच्याकडं बघत राहिले, मग उठून पाय धुवायला गेले.

अर्ज तसाच पडला, वर पिवळा अंगठा उमटलेला. त्यांच्या पाठीचं खरं काय, हे मी अजून विचारलेलं नाही. ते पण लांबच्या कुणाला तरी विचारावं लागणार.