वलगावचा खंजिरीवाला आणि ब्लूज

वलगावात कोणाच्या घरी माणूस गेलं की तेरवीपर्यंत रोज संध्याकाळी भजन असतं, आणि भजन म्हटलं की खंजिरीवर आमचा भगवंत. धंदा झेंडूचा, पण ओळख खंजिरीची. तो एक ओळ म्हणायचा आणि मंडळ झील धरायचं, म्हणजे तीच ओळ मागून म्हणायचं. देह नाशवंत आहे, रडू नका, असं त्यानं सगळ्या गावाला गाऊन सांगितलं होतं.

मग त्याची बायको पार्बता गेली. स्वतःच्याच दारात तो खंजिरी घेऊन बसला, पहिली ओळ म्हटली आणि थांबला. 'रडू नका' हे त्याच्याच्यानं म्हणवेना. रडताही येईना. खंजिरी खुंटीला गेली ती गेलीच. माणूस नुसता लाकूड होत चालला होता. मला त्याच्याबद्दल भीती वाटायची.

पहाटे आम्ही सुगतच्या टेम्पोनं अमरावतीच्या बाजारात जायचो. माझा पालक, भगवंताचा झेंडू. सुगत त्याचा शाळेपासूनचा दोस्त. सुगतची पोरगी पुण्यात शिकते. तिनं बापाच्या मोबाइलमध्ये ब्लूज भरून दिलेले, अर्थही सांगितलेला. अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांमधून आलेली गाणी. मला अन् भगवंताला त्यातलं कप्पाळ कळायचं! मी तर म्हणायचो, बंद कर ते रडगाणं.

एक दिवस भगवंत म्हणाला, "बंद नको करू. काय म्हणून राहिला तो?"

"बायको गेली म्हणते," सुगत म्हणाला.

"मंग?"

"मंग पुन्हा तेच. बायको गेली."

"अन् देवाचं काई?"

"काई नाई. घर कसं खाली झालं ते सांगते, अन् वाजवते."

"रडू नको, असं कोणीच नाई म्हणत त्याले?"

"नाई बे."

तेव्हापासून टेम्पोत चढला की त्याचं एकच, "लाव तुयं ते." बोटं दारावर ताल धरायची. मला ती गाणी तरीही आवडत नव्हती, पण ती बोटं बघून मी 'बंद कर' म्हणणं सोडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मागे झेंडूची पोती खच्चून भरलेली होती. वाटेत मोबाइलची बॅटरी संपली. भगवंतानं दारावर थाप मारली आणि घोगऱ्या आवाजात गायला, "पार्बता गेली, राजेहो."

जन्मात भजनाला न बसलेल्या सुगतनं झील धरली, "पार्बता गेली, राजेहो."

"दसऱ्याचा झेंडू म्या एकट्यानं तोडला," भगवंतानं म्हटलं आणि तो ढसाढसा रडायला लागला.

सुगतनं टेम्पो कडेला घेतला. रडू नको, असं कोणी म्हणालं नाही. त्या ओळीची झील मी धरली.