डाव्या पायाचा बूट

बाबांच्या शोकसभेत मी बोलायचं ठरलं आणि तेव्हापासून मला एका जागी बसवेना. इथली, अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली ओळखीची तीस-चाळीस माणसं शनिवारी दुपारी जमणार होती. मी खुर्ची बदलली, पेन बदललं, दोनदा ओटा पुसला. कागदावर एकच ओळ होती: 'अठ्ठावीस वर्षं सैन्यात, शिपायाचे सुभेदार झाले.' ती तर सगळ्यांनाच ठाऊक होती.

खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. माझ्या लहानपणी बाबा वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचे. त्यातला माझा पहिला आठवडा त्यांना बिचकण्यात जायचा आणि शेवटचा ते जाणार म्हणून चिडण्यात. आई गेल्यावर त्यांना इथे आणलं, आठ वर्षं एका घरात राहिलो, पण सकाळ झाली की मी लॅबला आणि ते नातीला घेऊन बस स्टॉपवर. बर्फ असो, वारा असो, बस यायच्या दहा मिनिटं आधी दोघं हजर. बुटाच्या लेस बांधायला तिला त्यांनीच शिकवलं. मला कोणी शिकवलं कोण जाणे. मला माझ्याच पोरीचा हेवा वाटायचा. आता हे सभेत सांगायचं का?

शेवटी वैतागून मी लेकीला म्हटलं, "तूच बोल गं. तुझ्याकडे खूप आहे सांगण्यासारखं."

चौदा वर्षांची ती, सोफ्यावर आडवी पडली होती. "तू बूटची स्टोरी सांग ना!"

"कुठली?" मी माहीत नसल्यासारखं विचारलं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी बाबांचा डाव्या पायाचा बूट ज्वारीच्या कणगीमागे लपवायची. गावातून सकाळी एकच एसटी होती. बाबा घरभर बूट शोधायचे, एसटी निघून जायची. आई म्हणायची, "काखेत कळसा नि गावाला वळसा!" मग दुपारी बूट सापडायचा आणि ते कुणाच्या तरी टेम्पोतून जायचे. एवढ्या मोठ्या फौजीला साधा बूट सापडत नाही, म्हणून मी मनातल्या मनात हसायचे. लपवते मीच, हे मात्र मी कुणालाही सांगितलं नव्हतं.

"पण आई," लेक म्हणाली. "आजोबांना फर्स्ट टाइमपासून माहीत होतं. ते म्हणाले, अर्धा दिवस जास्त मिळतोय, तर कशाला शोधायचा?"

मी उठले, उगाच फ्रिज उघडला, बंद केला. आधी रागच आला. आठ वर्षं रोज एका टेबलावर जेवलो, मला सांगायला काय झालं होतं? मग रडू आलं, आणि ते काही केल्या थांबेना. मीही कुठे कधी विचारलं होतं?

शनिवारी सकाळी नवरा बाबांचं सामान डोनेशनच्या पिशव्यांत भरत होता. त्याने आवाज दिला, "अगं, यांचा एकच स्नो बूट आहे इथे. डावा कुठे गेला?"

"असेल तिथेच, नीट बघ," मी म्हणाले.

लेक तेवढ्यात सीरियल घ्यायला पॅन्ट्रीत गेली होती. तांदळाच्या गोणीमागून बुटाचं टोक दिसतच होतं. ती बाहेर आली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि खोका ओट्यावर ठेवला.

"थांब डॅड, मी पण शोधते," म्हणाली आणि सोफ्याखाली वाकून बघायला लागली.