पातळी राखणारा धाऊ

ज्याला स्वस्थ बसणं ठाऊक नाही, अशा माणसाला काही न मागणारी झाडं सांभाळायला देण्यासारखी शिक्षा नाही. खर्डीच्या धाऊला ती त्याच्या लेकीने दिली, आणि प्रेमाने दिली.

धाऊची नोकरी भातसानगरला, धरणावर. एकतीस वर्षं त्याने एकच काम केलं: पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची. पावसाळ्यात तर तासातासाला. मग निवृत्ती आली, पाठोपाठ बायको बाईजा गेली, आणि खर्डीच्या घरात हा एकटा उरला. पायाला भिंगरी. दिवसातून चार वेळा स्टेशन, दोन वेळा भाताचं खाचर, मधल्या वेळात धडधाकट कुंपणाची दुरुस्ती. या धांदलीत एकदा रक्तदाबाची गोळी विसरला आणि भर बाजारात चक्कर येऊन पडला. झालं. शहापूरला दिलेली लेक दिपिका दुसऱ्या दिवशी दारात हजर.

“बाबा, आता आमच्याकडं चला. एकटं राहायचं नाय.”

“मी नाय येनार. तुमच्या फ्लॅटमधी मी करू काय?”

पुष्कळ वादावादी झाली. शेवटी दिपिकानेच तोडगा काढला. तिला घरात झाडं ठेवायचा भारी नाद. श्रावणातल्या एका रविवारी ती तीन कुंड्या घेऊन आली. जाड, गुबगुबीत पानांची लहानशी रोपं. पेपरोमिया की काय ते नाव धाऊच्या जिभेवर बसेना.

“यांना काय लागत नाय. खिडकीजवळ ठेवा, पन उन्हात नको. माती पार कोरडी झाली तरच घोटभर पानी. नायतर तीन आठवडे हात लावू नका. ही जगली तर तुमी खुशाल इकडं रहा.”

धाऊला हसू आलं. धरणाचं पाणी राखलेल्या माणसाला तीन कुंड्यांची परीक्षा!

पण दुसऱ्या दिवसापासूनच त्याच्या हातांना चैन पडेना. भात पाण्यात उभं राहतं, हे तो लहानपणापासून बघत आलेला. झाडाला तहानलेलं ठेवणं त्याला पाप वाटलं. त्याने कुंड्यांखालच्या बश्यांना आतून पेन्सिलने रेघ मारली आणि रेघेपर्यंत पाणी भरलं. रेघेच्या खाली उतरलं की पुन्हा भरायचं. सवय जाता जात नाही, म्हणून धरणावरच्यासारखीच सदरं आखून एक वहीही केली. उरलेल्या वेळात कुंड्या या खिडकीतून त्या खिडकीत.

दहाव्या दिवशी पानं पिवळी पडली. धाऊने पाणी वाढवलं. तेराव्या दिवशी ती टपाटप गळायला लागली, तेव्हा त्याने एक रोप उपटून मुळं नाकाशी धरली. कुजलेल्या भातरोपाचा वास. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात. इथे तर बुडवणाराही तोच होता.

दुसरं रोपही गेलेलं. तिसऱ्याची बशी त्याने काढून घेतली, चिखल झटकून कोरड्या मातीत विटेचा चुरा घालून ते पुन्हा लावलं. त्यानंतर मात्र घरात थांबायची त्याला भीती वाटू लागली, कारण घरात असलं की हात तांब्याकडे जायचा. एक दिवस तर तो पुढच्या स्टेशनापर्यंत, उंबरमाळीपर्यंत, चालत जाऊन आला. आपल्या हाताने आपलं घर घालवलं, हा एकच विचार डोक्यात.

एकविसाव्या दिवशी, रविवारीच, दिपिका आली. दोन कुंड्या रिकाम्या, तिसरीत चार पानं. धाऊने लपवाछपवी केली नाही.

“मीच मारली. पानी पाजून पाजून मारली. तू जिंकलीस. पन मला नेऊ नको गो.”

दिपिका खिडकीतली वही चाळत होती. सकाळी सहा, पातळी उतरली, भरली, गोळी घेतली. गोळी एकाही दिवशी चुकली नव्हती. शेवटचं सदर होतं ‘भेट’. धरणावर कोणी साहेब येऊन गेले की तिथे नाव लिहायचं, नाहीतर ‘निरंक’, म्हणजे कोणी नाही. धाऊने वळणदार अक्षरात रोज ‘निरंक’ लिहिलं होतं. खाली खाली, पानभर.

“लोक विचारायचे, बाबा कसे हायेत,” ती हळूच म्हणाली. “मी सांगायची, त्यांना काय लागत नाय.”

“तूच बोललीस ना, तीन आठवडे हात लावायचा नाय.”

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून तिला ते फार लागलं. तिने पदराने डोळे पुसले.

“रहा तुमी इकडंच. मी दर रविवारी येईन.”

घर वाचलं होतं. धाऊ उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा दाराशी गेला.

“रविवार लय लांब पडतो,” तो बाहेर बघत म्हणाला. “शनिवारी नाय जमत?”