तेरावं रोप

हेल्मी किन्नुनेनने आपल्या अंगणातल्या सौनाला, वाफेने अंग शेकायच्या लाकडी खोलीला, कुलूप लावलं त्याला दोन वर्षं झाली होती. मिशिगनच्या उत्तर टोकाला, फिनलंडहून आलेल्यांच्या त्या गावात, शनिवारी शेजाऱ्याला वाफ घ्यायला न बोलावणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणंच. पण तिचा इलाज नव्हता. एकतीस वर्षं शाळेची बस हाकून झिजलेले पाय आता असे आखडत की ती किंचाळून जागी होई. डॉक्टरच्या सहीने औषधी गांजाचं कार्ड मिळालं, आणि त्या कार्डावर बारा रोपं लावायची मुभा. तीही कुलपात. सौनाएवढी भक्कम खोली तिच्याकडे दुसरी नव्हती.

बारा म्हणजे बारा. तेरावं सापडलं की कार्डाचं कवच गेलं आणि बाराही गेली. कायदा लिहिणाऱ्यांच्या पोटऱ्यांत गोळे येत नाहीत, त्यांचं काय जातंय! मूळ दिसलं, किंवा फांदी मातीत खोचली, की रोप. नुसत्या पाण्यातली बिनमुळाची फांदी म्हणजे फक्त फांदी. म्हणून बारातलं एखादं बुरशीने मेलं तर हाताशी असावी अशी एक फांदी ती स्वयंपाकघरात बरणीतल्या पाण्यात ठेवायची. रोज सकाळी चष्मा लावून बघायची. मूळ फुटलं की बारातलं सगळ्यात मरतुकडं उपटायचं आणि मग हिला आत न्यायचं.

हे सगळं बघणारा एकच माणूस होता. शेजारचा विल्हो माकी. लाकडं रचता रचता त्याची नजर सौनाच्या दारावर असायची. मोजतोय मेला, असं हेल्मीला वाटायचं.

त्या मंगळवारी बरणीत पांढरा धागा दिसला. तेवढ्यात अंगणात शेरीफच्या पोलीस कचेरीची गाडी वळली.

सौनात जाऊन एखादं रोप उपटायला वेळ नव्हता. हेल्मीने मूळ नखाने खुडलं, कॉफीत टाकलं आणि घटाघट गिळलं. कप खाली ठेवला तर खिडकीबाहेर विल्हो उभा.

गाडीतून टेसा उतरली. लहानपणी हेल्मीच्याच बसमधून शाळेत जायची, आता कमरेला पिस्तूल.

"हेल्मीबाई, कुणीतरी फोन केलाय. बारापेक्षा जास्त आहेत म्हणे."

"कोर्टाचा कागद आणलास?"

"नाही."

"मग दारातून मोज. हात लावायचा नाही. आणि बोटांवर मोज, तुझं गणित मला माहीत आहे."

हेल्मीने गळ्यातल्या किल्लीने सौना उघडला, टेसाने दोनदा मोजली. बारा. परतताना स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून तिला बरणी दिसली. "आणि ही?"

"फांदी आहे. मूळ दाखव, सगळी माझ्या हाताने उपटून देते."

टेसाने बरणी उजेडात धरून फिरवली. विल्हो पायरीवर येऊन उभा राहिला होता. "विल्हो, तुम्ही काही पाहिलंत?"

हेल्मीने कॉफीचा रिकामा कप विसळायला घेतला.

"पाहिलं तर," विल्हो म्हणाला. "दोन वर्षं हिच्या सौनातून धूर निघाला नाही, ते पाहिलं."

टेसा हसली आणि गेली.

"फोन तू केलास ना रे?"

"तू कॉफी फार घाईने पितेस, हेल्मी."

"मी काय विचारलं?"

"आमच्याकडे शनिवारी सौना तापतो. ये. पायांना बरं वाटेल."

हो म्हणेना की नाही म्हणेना! हेल्मीने दार आपटलं. मग सौनात गेली आणि बारातलं मरतुकडं उपटून टाकलं. खुडलेलं मूळ दोन-तीन दिवसांत पुन्हा फुटणार, आणि गिळायची पाळी दुसऱ्यांदा तिला नको होती.

शनिवारी ती गेली. मी त्याच्यासमोर असताना तो माझ्या सौनाच्या दाराशी नसेल, एवढाच हिशेब. वरच्या फळीवर, त्याच्या बरोबर समोर बसली. त्याने दगडांवर पाणी ओतलं, वाफ उसळली. गळ्यातली पितळी किल्ली तापून छातीला चटके देऊ लागली.

"काढून ठेव की ती," विल्हो म्हणाला. "भाजेल."

"भाजू दे," हेल्मी म्हणाली.