नव्या सिस्टीमवरचे रविवार

लेक हैदराबादला नोकरीला लागली तेव्हा तिने आईसाठी लॅपटॉप घेतला. माझ्यासाठी नाही, आईसाठी, हे तिने स्पष्ट सांगितलं होतं. घरात मोबाईल एकच, तो माझ्या खिशात, आणि मी दिवसभर मन्नाएखेळ्ळीला हायवेवरच्या टायरच्या दुकानात. दर रविवारी दुपारी मायलेकी पडद्यावर एकमेकींचं तोंड बघत बोलायच्या.

बायकोला इंग्रजी येत नाही. ती जागा आणि चित्रं ध्यानात ठेवून शिकली होती. खालच्या कोपऱ्यातलं गोल, त्याच्या वरचं हिरवं चित्र, मग लेकीचा फोटो. लागणाऱ्या बटणांवर तिने आपल्या टिकल्या चिकटवल्या होत्या.

त्या उन्हाळ्यात लॅपटॉप फार संथ झाला. मी बिदरहून नव्या ऑपरेटिंग सिस्टीमची डीव्हीडी आणली आणि एका शनिवारी, बायको शेतात गेलेली असताना, टाकून मोकळा झालो. सुरू झाल्यावर मला फार बरं वाटलं. झटकन उघडत होता. खिडक्यांच्या कडा काचेसारख्या, मागचं चित्र धूसर दिसायचं. खालच्या पट्टीवरची नावं जाऊन नुसती चित्रं उरली होती. मी उगाच खिडक्या उघडत-मिटत बसलो. बोलायचा प्रोग्रॅमही नव्याने टाकावा लागला. तो भलत्याच जागी बसला.

रविवारी दुपारी मी जेवायला घरी आलो होतो. बायकोने लॅपटॉप उघडला आणि मला हाक मारली.

"आवो, हे कामून बदललाव?"

"जुनं झालं होतं गं."

"घर बदललाव ते बदललाव, चूल कुठं ठिवलाव ते तरी दावा."

ती हसली, पण बोट पडद्यावर जुन्या जागीच टेकलेलं होतं. मी कॉल लावून दिला आणि खुर्ची ओढून शेजारी बसलो. मला बघून लेकीने ओढणी सारखी केली.

"अप्पा, दुकानाला न्हाई गेलाव?"

"तुझ्या आईला जमंना झालंय."

मग पाऊस, म्हशीचं दूध, हॉस्टेलचं जेवण. बोलणं लवकरच आटपलं. "पाहुनीवानी बोलली पोरगी," बायको म्हणाली आणि उठून गेली.

पुढचे काही रविवार असेच गेले. खरं सांगायचं तर बायकोला नव्या जागा दाखवायला मला फार वेळ लागला नसता. उदगीरचं एक स्थळ आलं होतं, मला ते फार पसंत होतं. लेक मला नुसतं "बघू" म्हणायची; मनातलं आईला सांगायची, आणि आई मला काही कळू देत नव्हती. लॅपटॉप संथ होता, ते खोटं नाही. पण शिकवायचं मी टाळलं ते समजून-उमजून, शेजारी बसून पोरीच्या मनातलं कानावर पडावं म्हणून. आपल्यावाचून बायकोचं अडतंय, हे मला आवडू लागलं होतं, हेही लपवत नाही.

एका रविवारी मी कॉल लावताना बायकोने माझा हात धरला. "लावू नका. तुमच्यासमोर तिला काय इचारू? ती रडली तर तुमी बघत बसनार व्हय?"

मी हिरवं चित्र तिच्या जुन्या कोपऱ्यात ओढून आणलं, लेकीचा फोटो वर घेतला, आणि तिच्याकडून सगळं पुन्हा पुन्हा करवून घेतलं. कॉल तिने स्वतः लावला. लागल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "आता जावा की दुकानाला."

मी चपला घालून ओसरीवर आलो आणि तिथेच थांबलो. आतून लेकीचा दबका आवाज येत होता. मग बायको म्हणाली, "न्हाई म्हन सरळ. मी हाय."

आत जावं असं फार वाटलं. संध्याकाळी उदगीरला होकार कळवायचं मी लेकीला न विचारताच ठरवलं होतं. मी रस्त्यावर आलो आणि उदगीरच्या मंडळींना फोन लावला. पोरीची तयारी नाही, एवढंच बोललो.

"कामून ओ? काय झालं?" पलीकडून विचारलं.

का नको, ते लेकीला मी कधी विचारलंच नव्हतं.